खालच्या बांधावरच्या मार्थाबाई

मार्थाबाई कुणाच्याही घरून निघाल्या, की उंबऱ्याबाहेर थांबून पदर झटकायच्या. ओच्यातून एकदा हात फिरवायच्या, दोन्ही तळवे उघडून समोर धरायच्या आणि मगच वाटेला लागायच्या. पुढे कितीतरी वर्षांनी त्या आमच्याकडे चहाला यायच्या तेव्हाही हेच. माझी पत्नी पहिल्यांदा दुखावली होती. म्हणाली, "आपण काय यांची झडती घेतो होय?" मी तिला गप्प राहायला सांगितलं. ती सवय कुठली, हे मला ठाऊक होतं.

सन त्रेचाळीस साली मी काष्टीपासून तीन कोसांवर खैरवाडीच्या शाळेत एकटा मास्तर होतो. कारभारी नावाच्या एका शेतकऱ्याच्या पडवीत राहत असे. घरात तो आणि त्याची आई रंगुबाई, दोघंच. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. कारभारीजवळ सरकारी परवाना होता, गांजाचा. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या काळी आमच्या जिल्ह्यात मोजक्या लोकांना सरकारच हे पीक करू द्यायचं. पिकाला कुंपण, कुंपणाला पहारा, आणि निघालेला सगळा माल अबकारी खात्याच्या गोदामात. घरी एक पान राहिलं तरी गुन्हा.

या पिकात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. फुलोरा यायच्या आत नर शोधून उपटायचे, नाहीतर माद्यांना बी धरतं आणि माल हलका पडतो. हे काम येरागबाळ्याचं नव्हतं. ते मार्थाबाईंचं. त्या गावाबाहेरच्या आठ ख्रिस्ती घरांतल्या. चाळिशीच्या, काटकुळ्या, उजव्या डोळ्याखाली तीळ, आणि आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागे. झाडाकडे त्या वरून कधी बघत नसत. उकिडव्या बसून, पान आभाळाच्या उजेडात धरून खालून बघत. नवरा प्रभुदास एका लष्करी ठेकेदाराकडे दगड फोडायला गेलेला. मूलबाळ नव्हतं.

त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कुत्रं भुंकलं तरी त्यांचा हात गळ्याशी जायचा. पण याला कारण होतं. नर उपटून झाले की अबकारीचे इन्स्पेक्टरसाहेब यायचे आणि उभ्या पिकाचा अंदाज वहीत लिहायचे. इतके मण. जानेवारीत काटा लागला की वजन त्या अंदाजाला जुळलं पाहिजे. कमी भरलं, तर मधला माल गेला कुठे? ते शोधायला शिपाई आधी मालकाच्या घरी जात नसत. ख्रिस्ती वस्तीत जात, कारण झाडांत हात घालणाऱ्या बायका तिथल्या. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावात दहा शेर कमी भरले होते. मार्थाबाईंची नणंद रेबेका तिथे कामाला होती. तिला एका चौकीत तीन दिवस ठेवलं. काहीच सापडलं नाही, सोडून दिलं. पण परत आलेली रेबेका कुणाशी बोलेना. पुढे ती मुंबईला निघून गेली, ती गेलीच.

त्या वर्षी इन्स्पेक्टरसाहेबांनी ऑक्टोबरच्या अखेरीस अंदाज काढला. पीक कारभारीच्या उंचीचं, दाट. त्यांनी मार्थाबाईंनाच विचारलं, "बाई, तुला काय वाटतं?" मार्थाबाई म्हणाल्या, "आठ मन, सायेब." साहेबांनी आठ लिहिलं आणि पंचनाम्यावर त्यांचाही अंगठा घेतला.

नोव्हेंबर सरत आला असताना एका सकाळी मी शाळेला निघत होतो. मार्थाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभ्या होत्या. आत येत नसत.

"कारभारीदादा, जरा मळ्यात या."

"काय झालं?"

"तुमी या तर."

मीही गेलो. मार्थाबाईंनी एक पान तोडलं नाही, नुसतं वाकवून दाखवलं. पानाचा रंग हिरवा म्हणण्याच्या पुढे गेलेला, काळपट. शेंडे तांबूस जळालेले आणि घारीच्या नख्यांसारखे खाली वळलेले. फुलांचे तुरे घट्ट बसायचे ते विरळ, त्यांच्यातून पुन्हा बारीक पानंच डोकावत होती.

कारभारी म्हणाला, "काळंभोर तर हाय. असं पीक उभ्या तालुक्यात न्हाई."

"त्येच की, दादा. या दिसांत यवढं हिरवं नसतं. आता खालची पानं पिवळी पडून गळायची, जीव समदा फुलात जायचा. ही तर अजून पानंच काढतीया."

"रोग असंल मग."

मार्थाबाई खाली बसल्या. बुडाजवळची चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. थुंकल्या. दुसऱ्या झाडाची घेतली, तिसऱ्या वाफ्यातली घेतली. मग कारभारीकडे बघितलं, आणि लगेच नजर खाली घातली.

"दादा, काय घातलंय?"

"काय घालतोय? उन्हाळ्यात भीमा धनगराची मेंढरं बसवली हुती. तुला ठावं हाय."

"मेंढराचं खत जिभंला चावत न्हाई."

कारभारी बांधावर बसला. त्याचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुणतांब्याकडे कालव्यावर त्याचा मेव्हणा ऊस करायचा. उसासाठी सरकारकडून परमिटावर सल्फेट मिळे. लढाईचे दिवस, ते खत दुसऱ्या पिकाला घालायला बंदी. कारभारीने दसऱ्यानंतर अर्धं पोतं बाजरीच्या गोणीत लपवून आणलं होतं आणि आई झोपलेली असताना दुपारच्या वेळी वाफ्यांत फेकलं होतं.

"साखरंवानी दिसतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मेंढरं बसलीच हाईत, त्यात ह्ये पडलं तर धा मन निघंल. मास्तर, तुमी काय ऐकलं न्हाई."

मी म्हणालो, "काहीच ऐकलं नाही."

तेवढ्यात रंगुबाई भाकरी घेऊन आल्या. मुलाचा चेहरा बघून त्यांनी टोपलं खाली ठेवलं आणि आपणहूनच बोलायला लागल्या, जणू चोरी पकडली गेली होती.

"म्या बी घातलंय थोडं."

"काय घातलं, आये?"

"पेंड. भुईमुगाची. भिजवून, परत्येक झाडाला वंजळ वंजळ. दरसाल चार कोपऱ्यांना घालतो का न्हाई आपन? पीक फुलावर आलं की पोटुशी असतं. जवारीला डोहाळं घालतोय, बाजरीला घालतोय, हिला का न्हाई? त्यात औंदा आपल्या घरात बी सून पोटुशी. म्हनलं, औंदा कोपऱ्यावर भागवायचं न्हाई."

कारभारीने कपाळाला हात लावला. मार्थाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "थोरल्या आई, ही पोटुशी न्हाईत. नर आपन उपटलं न्हाई का? ह्यांना बी धरायचं न्हाई. ही रिकामीच फुलत्यात."

"मंग वांझोटी म्हन की," रंगुबाई म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण कुणाला बोललो ते.

मार्थाबाईंनी मात्र मान हलवली. "व्हय. वांझंला समदी खायाला घालत्यात. मला बी घातलं हुतं चार वर्सं. डिंक घातला, गुळयेल घातली, सासूनं घुबडाचं काय काय घातलं. पोट बिघाडलं, दुसरं काय झालं न्हाई."

रंगुबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदराआड धरलं. पण मार्थाबाई हसत नव्हत्या.

"सायबाच्या वहीत आठ मन हाय," त्या म्हणाल्या. "माज्या तोंडचं हाय. अंगठा माजा हाय."

"आता किती निघंल?" कारभारीने विचारलं.

"असंच राह्यलं तर चार. शिपाई पयल्यांदा माज्या घरी येतील, दादा. तुमच्याकडं न्हाई."

कारभारीने तेच काळपट पान पुन्हा वाकवून बघितलं.

उपाय मार्थाबाईंनीच सांगितला. जे पोटात जास्त गेलं ते धुऊन काढायचं. जमीन मुरमाड आणि उताराची, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. वरून मोटेचं पाणी सोडायचं, वाफ्यात तुंबू द्यायचं नाही, खालच्या बांधाला तोंड पाडून ओढ्यात काढून द्यायचं. चार दिवस जमीन वाफशावर येऊ द्यायची, पुन्हा एकदा धुवायचं. मग काही म्हणजे काही घालायचं नाही, राखसुद्धा नाही.

विहिरीवर मार्थाबाईंना जाता येत नव्हतं. झाडांना हात लावलेला चालायचा, विहिरीला नाही. हे त्या काळी कुणी बोलून दाखवत नसे, सगळे त्या अंतराने चालत. म्हणून वर मोटेवर कारभारी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ रंगुबाई, आणि मार्थाबाई अगदी खाली, जिथे पाणी शेतातून बाहेर पडतं त्या तोंडाशी. घटकेघटकेला त्या ओंजळ भरून ते गढूळ पाणी जिभेवर घ्यायच्या.

रंगुबाई वरून ओरडायच्या, "कसं हाय गं?"

मार्थाबाईंचा आवाज वर पोचायचा नाही. त्या हात हलवून 'अजून' म्हणायच्या.

"बैलं मरतील की! तुजी जीभ हाय का तराजू?"

दुसऱ्या धुण्याच्या वेळी तिसऱ्या प्रहरी त्यांनी हात खाली केला. पाणी गोडं झालं होतं. त्या दिवशी त्यांना संध्याकाळी उलट्या झाल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा बांधावर हजर.

जळालेलं पान काही परत हिरवं होत नाही. मार्थाबाई त्या पानांकडे बघतही नव्हत्या. त्या तुऱ्यांचे शेंडे बघायच्या. आठवड्याने म्हणाल्या, शेंडे सरळ निघायला लागलेत. पण गेलेले दिवस गेले होते. आठ मण आता होणार नव्हतं, कसंही केलं तरी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेशी आल्या. "मास्तर, एक कागद लिवायचा हाय. सायबाला. पीक आजारी हाय, काट्याच्या आधी यिऊन बघून जावा, म्हनून. माज्या नावानं."

कारभारीला हे आधीच सांगून झालं होतं आणि त्याने साफ नाही म्हटलं होतं. "निजलेला साप काठीनं उठवायचा व्हय? सायेब आला की इचारणार, काय घातलं. सल्फेट निघालं तर परवाना तर जाईलच, मी बी जाईन, मेव्हना बी जाईल."

मी मार्थाबाईंना म्हणालो, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लई वाटती," त्या म्हणाल्या. "म्हनून तर आधी बोलवायचं. मागनं आलं की त्ये झडतीलाच येत्यात."

मी अर्ज लगेच लिहिला नाही, हे इथे सांगून टाकतो. लोकल बोर्डाची नोकरी, मालकाच्या पडवीत राहणं, आणि मालकाच्या मनाविरुद्ध त्याच्या मजुरणीचा अर्ज लिहायचा. दोन दिवस मी शाई नाही, टाक मोडला, अशी कारणं सांगितली. तिसऱ्या दिवशी मार्थाबाई स्वतः टाक घेऊन आल्या, काष्टीच्या बाजारातून आणलेला, नवा. मग मी लिहिलं. 'खत अधिक झाल्याने फुलोरा विरळ आहे, तरी पाहणी व्हावी.' त्यांनी अंगठा उठवला, तेव्हा ठसा दुहेरी उमटला. पुन्हा घ्यावा लागला.

साहेब डिसेंबरच्या मध्यावर घोड्यावरून आले. बरोबर एक शिपाई. स्वभावाने माणूस वाईट नव्हता, पण अर्ज करून कुणी आपल्याला बोलावतं याचाच त्यांना संशय. पाऊण तास ते वाफ्यांतून फिरले. मग बांधावर सगळ्यांना उभं केलं.

"अर्जात लिहिलंय, खत अधिक झालं. कसलं खत, बाई?"

मार्थाबाई पुढे आल्या. हात गळ्याशी. त्यांच्या मागे कारभारी होता, त्याच्याकडे मला बघवेना. खरं सांगितलं तर त्याचं घर बसतं. खोटं सांगितलं आणि उद्या उघड झालं, तर त्यांचा अंगठा दुसऱ्यांदा खोट्यावर पडतो. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागलो, अकरापर्यंत आलो.

"तिला काय इचारता, सायेब?" रंगुबाई पुढे झाल्या. "म्या घातली. पेंड. सासूनं सुनंला खायाला घालावं तशी घातली. आता मला धरून न्यायचं तर न्या, पर वाटंत च्या पाजावा लागंल, मला त्याची सवं हाय."

शिपाई हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने हसणं गिळलं.

"बाई, हे खरं?"

"पेंड घातली ह्ये खरं हाय, सायेब," मार्थाबाई म्हणाल्या. "मेंढरं बसवली ह्ये बी खरं हाय."

साहेबांनी एक जळालेलं पान खिशातल्या वहीत दाबून ठेवलं, टाक काढला आणि म्हणाले, "साडेपाच मण."

"लई हुतंय, सायेब. पाच घ्या."

"मागं आठ म्हणालीस, आता पाच. पीक सुधारतंय, मला दिसतंय. साडेपाच."

साहेब गेले. कारभारी त्या दिवशी जेवला नाही, मार्थाबाईंशी बोललाही नाही. पण दुसऱ्या सकाळी त्याने खालच्या बांधावर त्यांच्यासाठी एक सपाट दगड नेऊन ठेवला, बसायला.

पुढचा महिना मार्थाबाई त्या दगडावरच राहिल्या म्हणायचं. अर्ध्या मणाचा फरक, वीस शेर, त्यांच्या मानगुटीवर बसला होता. नाताळला वस्तीतली माणसं मिशनच्या देवळात गेली, गाणी म्हणत. त्या गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज समदी तिकडं जानार, ह्ये चोराला बी ठावं असतंय." त्या एका दिवशी त्यांच्या मांडीवर नव्या करारातलं फाटलेलं पान होतं. वाचता येत नव्हतं. धरून बसल्या होत्या. आणि पीक खरोखरच सावरत होतं. खालची पानं एकदाची पिवळी पडून गळाली. तुरे भरले, बोटाला चिकटायला लागले. पहिल्यासारखे नाहीत, पण भरले.

जानेवारीत कापणी झाली. माल तुडवून, वाळवून, मळ्यातच काटा लागला. वस्तीतल्या सहा बायका एका बाजूला बसवलेल्या, शिपाई त्यांच्या समोर. काट्यावर एकेक गठ्ठा चढत होता आणि साहेबांचा कारकून मोठ्याने वजन सांगत होता. मार्थाबाईंचे ओठ हलत होते, त्या बेरीज करत होत्या की प्रार्थना, ते कळत नव्हतं.

शेवटचा गठ्ठा उतरला. कारकून म्हणाला, "पाच मण, अठरा शेर."

दोन शेर कमी.

कारभारी साहेबांकडे बघत होता, साहेब वहीकडे. तेव्हा कुणी न सांगता मार्थाबाई उठल्या, साहेबांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. पदर सोडून झटकला. ओचा झटकला. दोन्ही तळवे उघडून समोर धरले.

आणि त्यांच्या अंबाड्यात, मानेच्या वर, माल उचलताना अडकलेलं गांजाचं एक शेंडकं होतं. बोटाच्या पेराएवढं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. शिपायाला दिसलं. तो पुढे सरकला.

त्याच्या आधी रंगुबाई पोचल्या. सत्तरीच्या बाई, पण कशा पोचल्या कुणास ठाऊक. त्यांनी मार्थाबाईंच्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताने केसांतून ते शेंडकं सोडवलं. चिकटलं होतं, दोनदा ओढावं लागलं. ते त्यांनी नेऊन काट्याच्या पारड्यात टाकलं.

"ह्ये बी धरा वजनात," त्या म्हणाल्या. "आमचं काय सरकाराकडं राह्यलं नको, आन् सरकाराचं आमच्याकडं."

पारडं हललं नाही. साहेब त्या शेंडक्याकडे बघत राहिले. मग वहीत दाबलेलं ते जुनं जळकं पान त्यांनी काढलं, ओढ्याकडे भिरकावलं, आणि कारकुनाला म्हणाले, "वाळवणीत दोन शेर घट जातेच. अंदाजाबरहुकूम माल मिळाला, असं लिहा."

गठ्ठ्यांना मोहरा लागल्या, गाड्या जुंपल्या गेल्या. मार्थाबाई तळवे तसेच समोर धरून उभ्या होत्या. "जा आता, बाई," असं साहेब दोनदा म्हणाले. गाड्या ओढ्याच्या पलीकडे वळल्या तेव्हा कुठे त्यांचे हात खाली आले.

रंगुबाई वस्तीतल्या कुणाच्या सावलीला लागल्या तरी घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही. हात मात्र चुलीतल्या राखेने तीनतीनदा घासले, आणि मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यो चीक लई वंगाळ. पान्यानं जात न्हाई."